गोळीचं कुंपण

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे.)



मला निरोप होता, कविता वाच. मी म्हटलं कविता पुढल्या खेपेला, आज पेटंटवर बोलतो. तर समोर बसलेले दोघं हसले. गोदीतला हमाल, शिक्षण मॅट्रिक, आणि बोलणार पेटंटवर! हसा. तीन वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. तोवर पेटंट हा शब्द मला एकाच अर्थानं ठाऊक होता. मुकादमाची पेटंट शिवी, नटाचा पेटंट डायलॉग. म्हंजे ठरलेली गोष्ट, दुसऱ्यानं म्हटली तरी ओळखू येणारी. खरा अर्थ त्यापासून फार लांब नाही. फक्त दुसऱ्यानं म्हटली तर कोर्ट त्याचं तोंड बंद करतं.

अँटॉप हिलला, एस. एम. रोडवर, पोस्टाजवळ एक सरकारी इमारत आहे. बौद्धिक संपदा भवन. बसमधून जाताना ती पाटी मी शेकडो वेळा वाचली असेल. मला वाटायचं, संपदा म्हंजे बिल्डर लोकांच्या इस्टेटीचं ऑफिस. अंदाज चुकला नव्हता. इस्टेटच आहे, फक्त जमिनीची नाही. तिथून फार लांब नाही ते शिवडीचं टी. बी. हॉस्पिटल. आणि त्याच पट्ट्यात समुद्राच्या अंगाला आमची गोदी. ह्या तीन ठिकाणांचा एकमेकांशी काय संबंध आहे, तेवढंच आज सांगायचं आहे.

२०१६ ला माझ्या थोरल्या भावाला टी. बी. झाला. साधा नाही, एम. डी. आर. नेहमीच्या औषधांतल्या दोन मोठ्या औषधांना न जुमानणारा. मी अठरा वर्षांचा, गोदीत नुकताच लागलो होतो. रोज सकाळी दादाला इंजेक्शनला न्यायचं. कानामायसिन. महिनोन्‌महिने रोज एक. ढुंगणावर सुई टोचायला जागा उरली नव्हती, बसता येईना, कुशीवर पडून जेवायचा. आणि एक दिवस चुलीपाशी बसलेला असताना कुकरच्या शिट्ट्या झाल्या, चार, पाच, सहा. वहिनी बाहेरून ओरडतेय गॅस बंद करा. हा शेजारीच बसून भिंतीकडं बघतोय. आधी बारीक आवाज जातात, मग जाड. औषधाच्या नावातच कान होता, आणि त्यानं कानच मारला. जंतू मेले, दादा वाचला, हे कबूल केलं पाहिजे. पण क्रेनखाली काम करणाऱ्या माणसाला वरून मारलेली हाक ऐकू आली नाही तर त्याला गोदीत कोण उभं करील? आता तो वडाळ्याला एका कारखान्यात डबे भरतो.

ज्या दवाखान्यात आम्ही जायचो तिथला डॉक्टर एकदा म्हणाला होता, नवी गोळी आली आहे, तिच्यात सुई नाही, पण ती सगळ्यांना नाही. गोळीचं नाव बेडाक्विलिन. अमेरिकेत डिसेंबर २०१२ ला मंजूर झाली. टी. बी. साठी चाळीसेक वर्षांत आलेलं पहिलं नव्या जातीचं औषध. बनवणारी कंपनी जॉन्सन अँड जॉन्सन, बाळाच्या पावडरवाली. आपल्या देशात २०१६ ला ती मिळायची फक्त सहा केंद्रांवर. एवढ्या मोठ्या देशात सहा.

सगळा दोष पेटंटचा होता असं मी म्हणणार नाही. नवं औषध जपून वापरायचं, नाहीतर जंतू त्यालाही शिरजोर होतात, ही डॉक्टरांची भीती खरी होती. पण माल बनवणारा जगात एकच, दर ठरवणारा तोच, किती माल कुठं सोडायचा हे सांगणारा तोच. सुरुवातीला त्यानं जगाचे तीन भाग पाडले होते. श्रीमंत देशाला एका पेशंटमागं ३०,००० डॉलर, मधल्याला ३,०००, गरिबाला ९००. गोळी तीच. तेव्हा ती बनवायला खरा खर्च किती, हा प्रश्न निघतो. २०१७ ला संशोधकांनी हिशेब मांडला. मोठ्या प्रमाणावर बनवली तर सहा महिन्यांचा कोर्स ४८ ते १०२ डॉलरात बसेल.

आता पेटंट म्हंजे काय ते बघू. गावाकडं जमिनीच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस ओढा, पश्चिमेस अमक्याचं शेत, दक्षिणेस गाडीवाट. मालकी असते ती त्या चार ओळींच्या आतली. पेटंटच्या कागदाचं तसंच. आधी पानंच्या पानं शास्त्र असतं, आणि शेवटी क्रमांक घालून वाक्यं असतात. त्यांना क्लेम म्हणतात. दावे. मालकी फक्त त्या वाक्यांत. एक शब्द रुंद लिहिला की शेजाऱ्याचा ओढाही आत आला. म्हणून वकील लोक त्या शब्दांवर वर्षानुवर्षं भांडतात. आणि आणखी एक. पेटंट तुम्हाला औषध बनवायचा हक्क देत नाही, दुसऱ्याला बनवू न देण्याचा हक्क देतं. अर्ज केल्या दिवसापासून वीस वर्षं, आणि ज्या देशात घेतलं त्याच देशापुरतं.

हे शेवटचं वाक्य कायद्यात सरळ आहे, बंदरात तितकं सरळ नाही. डिसेंबर २००८ ला हैदराबादच्या डॉ. रेड्डीजचं लोसार्टन, ब्लडप्रेशरचं औषध, ५७० किलो, ब्राझीलला निघालं होतं. भारतात त्यावर पेटंट नाही, ब्राझीलमध्ये नाही. वाटेत नेदरलँड्सच्या कस्टमनं ते अडवून ठेवलं, कारण तिथं पेटंट होतं. माल तिथं विकायचा नव्हता, उतरवायचाही नव्हता, नुसता जात होता! भारत आणि ब्राझीलनं २०१० ला जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. मी गोदीतला माणूस. दुसऱ्या गावाला जाणाऱ्या मालाचं सील फोडायची पद्धत आमच्याकडंही आहे, पण ते करणाऱ्याला आम्ही कस्टम म्हणत नाही.

आपल्याकडं पूर्वी कायदा इंग्रजांचा होता, १९११ चा. त्या काळात काही औषधं भारतात जगात सगळ्यांत महाग होती, हे आपण नाही, अमेरिकेच्या सिनेटच्या केफॉव्हर समितीनं नोंदलं. मग न्यायमूर्ती अय्यंगारांचा १९५९ चा अहवाल, त्यावरून १९७० चा पेटंट कायदा, लागू झाला एप्रिल १९७२ ला. त्यात एक जबर गोष्ट होती. औषधावर पेटंट नाही, औषध बनवायच्या रीतीवर फक्त. तीही पाच ते सात वर्षं. म्हंजे भाकरीवर हक्क नाही, तुमच्या थापायच्या पद्धतीवर आहे. दुसऱ्यानं दुसऱ्या रीतीनं थापली तर खुशाल खावी. त्यातून इथले कारखाने उभे राहिले. २००१ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सिपलाच्या युसुफ हमीदनी एड्सची तीन औषधं वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव दहा ते पंधरा हजार डॉलर होता.

ते दार १ जानेवारी २००५ ला बंद झालं. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानं औषधावरच पेटंट द्यावं लागलं, पूर्ण वीस वर्षं. पण त्याच वर्षी मार्चमध्ये संसदेत डाव्यांनी अडून बसून एक फट ठेवून घेतली. कलम ३ (डी). माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप हा शोध नाही, गुण लक्षणीय वाढला असेल तरच.

ही फट का लागते? कारण कुंपण एक नसतं. पहिलं पेटंट मूळ रेणूवर. मग त्याच्या क्षारावर. मग स्फटिकाच्या आकारावर, मग गोळीवर, मग दुसऱ्या औषधाबरोबरच्या मिश्रणावर, मग लहान मुलांच्या डोसवर. दर वेळी नवा अर्ज, दर वेळी नवी वीस वर्षं. पहिलं कुंपण कुजायच्या आत दुसरं उभं. म्हणून अमुक औषधाचं पेटंट कधी संपतं, असं विचारलं तर एका तारखेत उत्तर मिळत नाही. किती कुंपणं आहेत, त्यातली कुठली मंजूर, कुठली अर्जावर, कुठली भांडणात, हे सगळं काढावं लागतं. माल बनवू बघणारा दुसरा कारखानदार हेच काढत बसलेला असतो.

दुसरी युक्ती ह्याहून नामी. पहिल्या अर्जात एक सांगाडा काढायचा आणि म्हणायचं, इथं हे किंवा ते, तिथं अमुक किंवा तमुक जोडा. त्या एका चित्रात हजारो, लाखो रेणू बसतात. सगळ्यांवर मालकी. काही वर्षांनी त्यातलाच एक रेणू औषध ठरतो. मग म्हणायचं, हा तर नवाच शोध, ह्याला वेगळं पेटंट द्या. मुंबईकरांना समजावून सांगायला नको. एकच खोली दोनदा पागडीवर विकणं. रिस्डिप्लाम नावाचं औषध आहे, लहान पोरांचे स्नायू निकामी करणाऱ्या दुर्मिळ आजारावरचं, रोश कंपनीचं. बाटलीला सहा लाखांच्या वर. त्यावर हैदराबादच्या नॅटकोशी हीच भानगड झाली, आणि ऑक्टोबर २०२५ ला दिल्ली हायकोर्टानं नॅटकोला थांबवायला नकार दिला. सुप्रीम कोर्टानंही हात घातला नाही. नॅटकोनं बाटली १५,९०० ला आणली. सहा लाख आणि सोळा हजार, ह्या दोन आकड्यांच्या मध्ये नुसती काही वाक्यं उभी होती.

३ (डी) ची मोठी लढाई तुम्ही ऐकली असेल. नोव्हार्टिसचं ग्लिवेक, रक्ताच्या कॅन्सरवरचं. महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास, आणि इथल्या कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत. कंपनीला पेटंट हवं होतं एका स्फटिकरूपावर. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं, आणि सांगितलं की औषधाचा गुण म्हंजे रोग बरा करायचा गुण. पावडर चांगली वाहते, साठवणीत टिकते, हा तो गुण नव्हे.

आता परत आमच्या गोळीकडं. बेडाक्विलिनचं मूळ पेटंट भारतात १८ जुलै २०२३ ला संपणार होतं. पण कंपनीनं दुसरा अर्ज घालून ठेवला होता, इथंच, मुंबईच्या ऑफिसात. त्याच औषधाच्या फ्युमारेट क्षारावर. क्षार म्हंजे मीठच की. औषधाला मीठ लावलं की मुदत डिसेंबर २०२७ पर्यंत. जवळजवळ साडेचार वर्षं.

ह्या अर्जाला विरोध कोणी केला? महाराष्ट्रातल्या एच. आय. व्ही. सह जगणाऱ्यांच्या नेटवर्कनं केला. आणि २०१९ ला दोन बायांनी केला. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, एक दक्षिण आफ्रिकेतल्या खायेलित्शाची फुमेझा तिसिले. दोघींना टी. बी. झालेला. दोघींचे कान त्याच इंजेक्शनांनी गेलेले. हे वाचलं तेव्हा मी शेडमध्ये जेवायला बसलो होतो. डबा तसाच राहिला. मी दादाला इंजेक्शनला नेत होतो त्याच शहरात एक मुलगी आधीच बहिरी झाली होती, आणि ती रडत न बसता कायद्याचं पुस्तक उघडून बसली होती. कलम २५ (१) मध्ये लिहिलंय, पेटंट मंजूर व्हायच्या आधी कोणीही व्यक्ती विरोध करू शकते. कोणीही. वकील म्हटलेलं नाही, कंपनी म्हटलेलं नाही, ग्रॅज्युएट म्हटलेलं नाही.

२३ मार्च २०२३ ला पेटंट ऑफिसनं तो अर्ज फेटाळला. ह्यात शोधाची उडी नाही, जाणत्या माणसाला सुचण्यासारखंच आहे, आणि ३ (डी) सुद्धा आड येतं. मी दादाला हे सगळं पाटीवर लिहून सांगितलं. बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो. तो सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा ओरडला, "मग तेव्हा का नाय?"

त्याला उत्तर देता आलं नाही. पुढं काय झालं तेवढं सांगितलं. जगभरच्या टी. बी. औषधांची एक सामायिक खरेदी होते. त्यात ह्या गोळीचा सहा महिन्यांचा दर २०१८ ला ४०० डॉलर होता. २०२० ला ३४०. कंपनी मेहेरबानी केल्यासारखी थोडं थोडं उतरत होती. २०२३ च्या जुलैत मूळ पेटंट संपलं, भारतातल्या कंपन्या उतरल्या, आणि ऑगस्टच्या टेंडरला तोच दर १३० वर आला. आणि १३० ला द्यायला तयार कोण? खुद्द जॉन्सन अँड जॉन्सन! म्हंजे परवडत होतं तर. शेजारी दुसरी गाडी लागल्याशिवाय वडापाववाला भाव उतरवत नाही, एवढं साधं. त्या सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या स्पर्धा आयोगानं चौकशी लावली, आणि महिना संपायच्या आत कंपनीनं जाहीर केलं की १३४ गरीब आणि मध्यम देशांत आम्ही ही दुसरी पेटंटं वापरणार नाही.

तुमच्यातला एखादा म्हणेल, सरकारी दवाखान्यात ही गोळी फुकट मिळते, मग भावाचं काय घेऊन बसलास? आम्हाला फुकट, सरकारला नाही. सरकार मोजून पैसे देतं, आणि ज्याला मोजून घ्यावं लागतं तो मोजून वाटतो. आणि म्हणेल, शोधाला खर्च येतो, तो कोण देणार? रास्त आहे. पण ह्याच गोळीवर २०२० ला एक अभ्यास छापून आला. तिच्या संशोधनात सरकारी आणि धर्मादाय पैसा कंपनीच्या पैशापेक्षा जास्त होता. खर्च सगळ्यांचा, कुंपण एकाचं.

आपल्या कंपन्यांनाही देवघरात बसवू नका. त्या धंदा करतात. २०१४ ला काविळीच्या, हेपटायटिस सी च्या औषधावर गिलियड कंपनीनं सात भारतीय कंपन्यांना परवाना दिला. ९१ देशांत विका म्हणाली. अमेरिकेत त्या औषधाची एक गोळी हजार डॉलरला. यादीत चीन, ब्राझील, थायलंड नव्हते. आपल्या कंपन्यांनी सह्या केल्या. कुंपणाला फाटक ठेवलं, आणि फाटकावर आपलीच माणसं पहारेकरी. स्पर्धा हवी असेल तर असे परवानेही वाचावे लागतात, नुसतं पेटंट वाचून भागत नाही.

सरकारच्या हातात एक हत्यार आहे, सक्तीचा परवाना. पेटंटवाला माल पुरवत नसेल, भाव आवाक्याबाहेर असेल, तर तीन वर्षांनंतर दुसऱ्याला बनवायला सांगता येतं. ते एकदाच चाललं, मार्च २०१२ ला. बायरचं नेक्साव्हर, किडनी-लिव्हरच्या कॅन्सरवरचं, महिन्याला दोन लाख ऐंशी हजार. औषध पोचत होतं गरज असलेल्यांतल्या दोन टक्क्यांच्या आसपास लोकांना. नॅटकोला परवाना मिळाला, ८,८८० रुपयांत. मुंबई हायकोर्टानं तो कायम ठेवला. त्यानंतर दुसऱ्या कुठल्या औषधाला तसा परवाना मिळालेला नाही. हत्यार गंजत पडलंय.

आणि त्या कोणीही व्यक्तीचं दार? मार्च २०२४ च्या नव्या नियमांनी ते अर्धं लोटलंय. आता विरोध करायला फी भरायची. आणि तुमचा विरोध ऐकून घ्यायच्या लायकीचा आहे का, हे आधी पेटंटचा अधिकारी ठरवणार. पेटंटवाल्यांना मात्र सूट. तुमचं पेटंट देशात वापरता का, हे पूर्वी दर वर्षी सांगावं लागायचं, आता तीन वर्षांतून एकदा. आपल्याला अजून कायद्यानं अडवलेलं नाही. फक्त खिडकीवर आधी पावती फाडून घ्या म्हणतात.

मी इंग्रजीत कच्चा. पहिला क्लेम वाचायला मला चार रात्री लागल्या, एका कॉलेजात जाणाऱ्या दोस्ताला बाजूला बसवून. रेणूचं नाव दोन ओळींचं होतं. ते आम्ही सोडून दिलं आणि बाकीचं वाचलं. बाकीचंच महत्त्वाचं निघालं. "किंवा", "त्याचा कोणताही क्षार", "पैकी कोणतेही एक". कुंपणाचे खांब ह्याच शब्दांत रोवलेले असतात, आणि हे शब्द मॅट्रिकवाल्याला येतात.

अर्ज साधारण अठरा महिन्यांनी सगळ्यांना खुले होतात, पेटंट ऑफिसच्या साइटवर फुकट बघायला मिळतात. एका टी. बी. च्या औषधाच्या अर्जाचे क्लेम मी छापून आणलेत, बारा पानं आहेत. येत्या रविवारी चार वाजता ह्याच खोलीत वाचायला बसू. आपल्याकडं डिक्शनरी एकच आहे, तीही फाटकी. कोणाकडं दुसरी असली तर घेऊन या. दादा येणार आहे, तेव्हा एक पाटी आणि खडूही लागेल.